अनामत वाढवून हौशे-नवशे गाळता येतील?

कुणीतरी सुचवलंय, निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराने ठेवायची अनामत रक्कम लाखभर करा म्हणजे हौशे-नवशे आपोआप गळतील. हा प्रयोग आधी होऊन गेलाय. १९९६ साली तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले, मतपत्रिकेची पुस्तिकाच झाली. त्यानंतर विधानसभेची अनामत २५० रुपयांवरून ५,००० झाली. आता १०,००० आहे, लोकसभेला २५,०००. हौस असलेले श्रीमंत त्याने अडत नाहीत.

खरी मेख सूचकांची, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक बिनचूक हवा. त्यात गावातल्या पुढाऱ्याने डोळे वटारले की सही केलेला माणूसही मागे सरतो. एवढं करून चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना. तेवढ्यात ते चिन्ह घरोघरी पोचवायचं कसं?

आणि काहींना तर पैसे, सूचक सगळं असूनही दारातच अडवतात. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या अंजली पाटील आठवा. तृतीयपंथी असल्याने महिला राखीव जागेवरचा त्यांचा अर्ज छाननीत बाद केला गेला. औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडूनही आल्या. ऐन निवडणुकीत वकील गाठून हायकोर्टात जाणं किती जणांना जमेल?

अनामत हवी तर ठेवा, पण सूचकांचा नियम सगळ्यांना सारखा करा.