सोळाव्या वर्षी पोर परक्या घरी: मला उत्तर द्यायचंच आहे

रानवारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "मूल वर्षभर परक्या घरात ठेवणारे आईबाप जबाबदारी झटकतात." रात्रभर डोक्यात घोळत होतं. माझी लेक रोटरी क्लबच्या विद्यार्थी देवाणघेवाणीतून, म्हणजे तिथल्या कुटुंबांत राहून शाळेत जायचं अशा योजनेतून, जर्मनीत राहून आली. वर्षात तीन घरं झाली, आणि त्या माणसांनी एक पैसा घेतला नाही. दुसऱ्या घरच्या आजींनी तिला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं. इथे ती जेवलेलं ताट उचलत नव्हती. याला झटकणं म्हणायचं?

कृष्णाकाठ: ते वाक्य माझंच. माझ्या भाच्याला अमेरिकेत जे घर मिळालं तिथे न विचारता फ्रिज उघडायची बंदी होती. पोरगं रात्री बॅगेतला चिवडा खायचं. तिथल्या नियमाने, मुलांची सोय लावणाऱ्या संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने दर महिन्याला मुलाशी बोलायचं असतं. बोलली हो, पण त्याच घरच्या सोफ्यावर, घरमालकिणीसमोर! काय सांगणार तो? वर परत आल्यावर इथल्या शाळेचं वर्ष गेलं ते गेलंच.

सांजवेळ: आणि खाण्याचं काय? आमच्याकडे अंडंही चालत नाही.

मुळामुठा: मग पाठवू नका! आधी सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी बाहेरचं मूल घरात ठेवलंय? आपलं पोर त्यांनी फुकट सांभाळायचं आणि आपल्याकडे यायचं म्हटलं की 'दोनच खोल्या आहेत'. आमच्याकडे ब्राझीलची मुलगी चार महिने होती. पहिल्या दिवशी बादली-तांब्या बघून बावरली, महिन्याभरात पोह्यांवर लिंबू पिळून मागायला लागली. पुढचं घर शोधताना माझ्या नवऱ्याने अकरा फोन केले. अकरा!

सांजवेळ: घरात वयात आलेला मुलगा असला की परकी मुलगी कशी ठेवणार? बोलणं सोपं आहे.

मुळामुठा: माझाही सतरा वर्षांचाच होता. दारू, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग, चारही बंद, हे नियम तिला पाठ होते. आपल्याच मुलांना सांगायला आपण कचरतो.

सांजवेळ: माझ्या मुलाबद्दल बोलायचं काम नाही.

रानवारा: दोघीही थांबा. कृष्णाकाठ, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. त्याने घर बदलून मागितलं नाही का?

कृष्णाकाठ: दीड महिना आईलाही बोलला नाही. 'एवढा खर्च केलाय, कसं सांगू' म्हणे. शेवटी दुसरं घर मिळालं. तिथली माणसं अजून त्याच्या वाढदिवसाला फोन करतात, हेही सांगते, नाहीतर म्हणाल लपवलं. 'झटकतात' हा शब्द मागे घेते. पण माझी मुलगी मी पाठवणार नाही.

मुळामुठा: नका पाठवू. एखादीला चार महिने ठेवून तरी घ्याल का?

कृष्णाकाठ: सासूबाईंना विचारावं लागेल.