भागाकाराचा नियम वेगळा पाठ करायचा कशाला?

अंशछेद: माझं सरळ मत: डेरिव्हेटिव्ह (फल किती वेगाने बदलतं ते, खूण ′) काढताना लागणारा क्वोशंट रूल, म्हणजे भागाकाराचा नियम (अंश′·छेद − अंश·छेद′)/छेद², घोकून घेणं बंद करा. प्रॉडक्ट रूल (गुणाकाराचा नियम) आणि चेन रूल (फलाच्या आत फल असताना लावायचा नियम) येत असले की भागिले म्हणजे गुणिले वजा एकचा घात, संपलं. मुलं सूत्र घडाघडा म्हणतात आणि लिहिताना वरची दोन पदं उलटी टाकतात. बरं, (क्ष³+२क्ष)/क्ष दिसलं तरी सूत्रच! आधी भाग दिला असता तर क्ष²+२, उत्तर २क्ष, तोंडी.

वजाबाकी: चूक मुलांची आणि शिक्षा नियमाला? क्ष/(क्ष²+१) घ्या. तुमच्या पद्धतीने येतं (क्ष²+१)⁻¹ − २क्ष²(क्ष²+१)⁻². आता महत्तम (फलाची सर्वांत मोठी किंमत) कुठे, सांगा बघू. समान छेद करावाच लागणार, आणि केला की (१−क्ष²)/(क्ष²+१)². क्वोशंट रूल हे थेट हातात देतो. महत्तमाला डेरिव्हेटिव्ह शून्य असतं, म्हणून अंश शून्य केला की क्ष = ±१; +१ ला महत्तम, −१ ला लघुत्तम. चिन्हाची शंका आली तर १/क्ष वर ताडून बघा: आलेख उतरता, म्हणजे उत्तर ऋणच हवं.

अंशछेद: दरवेळी महत्तम कुठे शोधायचा असतो? ५ चं डेरिव्हेटिव्ह शून्यच, तरी ५/(क्ष²+१) ला क्वोशंट रूल लावून इमानेइतबारे 'शून्य गुणिले' लिहिणारे पाहिलेत मी.

तिसरी वाट: भागाकाराला भ म्हणा. अंश = भ × छेद. प्रॉडक्ट रूल लावा: भ′ = (अंश′ − भ·छेद′)/छेद. वरच्याच क्ष/(क्ष²+१) मध्ये क्ष = १ ला भ = १/२, छेद′ = २, म्हणून वर १−१ = ०. ना पाठांतर, ना ऋण घात.

वजाबाकी: झकास, पण भ चं डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात आहे हे तुम्ही गृहीत धरलंत. ते दाखवायला १/छेद ची लिमिट काढावीच लागते. ही आठवायची युक्ती झाली, सिद्धता नव्हे. आणि कलनाचा एक जनक लाइब्निट्सने १६८४ च्या लेखात भागाकाराचा नियम वेगळा दिला तो उगाच?

अंशछेद: त्याच लेखात त्याने त्या नियमात अधिक-वजा अशी दुहेरी चिन्हं ठेवली, तेही सांगा की! टॅनपुरतं मात्र मानतो. साइन/कॉस ला तुमचा नियम लावला की वर कॉस²+साइन² आयतं येतं, म्हणजे १, उत्तर सेक² (१/कॉस²). माझ्या वाटेने १+टॅन² येतं, आणि मग आणखी एक नित्यसमानता आठवावी लागते.

वजाबाकी: म्हणजे पाठांतर तुम्हालाही चुकलं नाही तर!