साडेतीन वर्षांच्या मुलीला घरी तिच्या कलाने शिकू देताना आपण मध्ये कधी पडावे?

नमस्कार,

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. निदान हे एक वर्ष तिला बालवाडीत न घालता घरीच, तिच्या कलाने शिकू द्यावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामाविषयी वाचल्यापासून विकतच्या साधनांचा मोह सुटला. बिया, पाने, शिंपले यांवर तिथे मुले शिकत असतील, तर आमच्या स्वयंपाकघरात काय कमी आहे, असे वाटले.

गेले तीन आठवडे ती रोज सकाळी कडधान्याच्या परातीशी येऊन बसते आणि या वाटीतले वाल त्या वाटीत ओतत राहते. एकदा मोठ्या वाटीतले वाल लहान वाटीत मावेनात, तेव्हा सांडलेल्या दाण्यांकडे बराच वेळ पाहून तिने दुसरी, जरा मोठी वाटी आपणहून शोधून आणली. त्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मात्र राहवले नाही आणि "किती झाले, मोज बरं" असे बोलून गेले. तिने हातातली वाटी उपडी ठेवली, "तूच मोज" म्हणाली आणि उठून गेली. पुढचे दोन दिवस ती परातीकडे फिरकलीही नाही.

तेव्हापासून मला नेमके हेच कळेनासे झाले आहे. तोंडाने ती वीसपर्यंत अंक म्हणते, पण दाण्यांवर बोट ठेवताना एकच दाणा दोनदा मोजते. अशा वेळी चूक दाखवावी, की शेजारी बसून आपण आपले दाणे सावकाश मोजत राहावे? शिवाय तीन आठवडे एकच खेळ चालला असताना परातीत काही नवे ठेवावे, की तिचे मन भरेपर्यंत थांबावे?

अक्षरांचा प्रश्न जास्त अवघड आहे. नावातला 'म' तिने स्वतःहून विचारला आणि आता ती तो ताटातल्या रव्यात उलटा काढते. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. हाताला एकदा चुकीचे वळण लागले की ते सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ या वयात खेळातून शिकण्यावरच भर आहे, हे मी त्यांना वाचून दाखवले, तर त्यांनी शांतपणे विचारले, "धोरण लिहिणाऱ्यांची नातवंडे कुठे जातात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्यांनी मुलांना असे घरी शिकू दिले आहे, त्यांनी उलट्या अक्षरांचे काय केले आणि ती किती दिवसांनी सुलट झाली, हे कृपया सविस्तर लिहावे. वाल नाकात जाण्याची भीती असल्याने मी तिथून हलत नाही, त्यामुळे ती काळजी नसावी.