फ्रेंच आल्प्समध्ये गाडी चालवायला कोणता कागदी नकाशा घ्यावा?

रानवाट:
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोनों-ले-बें ते नीस, 'रूट दे ग्रांद आल्प' या घाटांच्या रस्त्याने, साधारण 700 किमी. गाडी भाड्याची, सोबत आईबाबा. दऱ्याखोऱ्यांत रेंजचा भरवसा नाही म्हणून मोबाइलच्या जोडीला कागदी नकाशा हवाय. मिशेलिन या फ्रेंच कंपनीचे 1:10,00,000, 1:2,00,000 आणि 1:1,50,000 असे तीन प्रकार दिसले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात 1998 चाही स्वस्तात मिळतोय. कोणता घेऊ?

घाटमाथा:
1:10,00,000 म्हणजे 1 सेंमीला 10 किमी. आल्प द्युएझचा 21 वळणांचा, जवळपास 14 किमीचा घाट त्यात दीड सेंमीत आटोपतो. घरी बसून आखणी करायला ठीक, गाडीत उपयोग नाही. 1:2,00,000 चे दोन घ्या: क्र. 523 (रोन-आल्प) आणि 527 (प्रोव्हान्सकडचा). 1:1,50,000 मध्ये त्याच वाटेला 328, 333, 334, 341 असे चार लागतात. आडगावांत भटकायचं नसेल तर ती उलगडाउलगड कशाला?

घाटरस्त्यावरचे छोटे बाण नीट बघा. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के चढ, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून खडा. टोक चढाकडे असतं. तुम्ही टोकाच्या उलट जात असाल तर उतार आहे, आधीच खालचा गिअर टाका. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पकड सुटते. आईबाबांसाठी कडेला हिरवी रेघ असलेले रस्ते निवडा, देखावे तिथेच आहेत.

डोंगरवाट:
1998 चा मुळीच नको. 2006 च्या सुमारास बरेच राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे गेले आणि क्रमांक बदलले. जुन्या नकाशातला एन (राष्ट्रीय) 91 आज पाटीवर डी (जिल्हा) 1091 आहे. नीसजवळ तर डी चे एम (महानगर) झालेत. तसंही तिथल्या पाट्या गावांच्या नावाने वाट दाखवतात, त्यामुळे ब्रियाँसों, बार्सलोनेत अशी पुढची गावं क्रमाने कागदावर लिहून ठेवा.

रानवाट:
जूनमध्ये घाट बंद असले तर?

घाटमाथा:
हा खरा मुद्दा. नकाशात घाटाजवळ '11-5' असं छापलेलं असेल तर नोव्हेंबर ते मे बर्फाने बंद. पण तो अंदाज आहे, इझेराँ (2,764 मी.) आणि गालिबिए (2,642 मी.) जूनमध्येही उशिरा उघडू शकतात. घाटाच्या पायथ्याशी पाटी असते: 'उव्हेर' म्हणजे उघडा, 'फेर्मे' म्हणजे बंद. ती वाचल्याशिवाय वर जाऊ नका.

इझेराँ बंद असेल तर बूर-सें-मोरीसहून मूतिए, आल्बेर्व्हिल करत मोरिएन खोऱ्यात उतरा. गालिबिए बंद असेल तर मोदानहून फ्रेझ्युस बोगद्याने इटलीत बार्दोनेक्किया, तिथून मोंजनेव्रने ब्रियाँसों. बोगद्याचा टोल जबर आहे, आणि भाड्याची गाडी इटलीत न्यायची परवानगी करारात आधीच लिहून घ्या. दोन्ही वळसे निघायच्या आधी पेन्सिलने नकाशावर काढून ठेवा.