मदत हवी आहे: खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शौचालयाची सोय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी ७८ वर्षांच्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडल्याने अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असून, त्या वॉकर धरून अंगणापर्यंत चालतात. उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि खुबा गुडघ्याच्या खाली जाईल अशा ठेंगण्या आसनावर बसणे डॉक्टरांनी मना केले आहे. घरचे शौचालय मात्र देशी बैठकीचे, आणि दार इतके अरुंद की वॉकर आत जात नाही. मध्ये भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर सरकते, तर विकत आणलेली कमोड खुर्ची त्यांना बुटकी पडते. बेडपॅन त्यांना नको आहे, आणि तो हट्ट मला रास्तच वाटतो. तोडफोड न करता गावातल्या वेल्डरकडून लोखंडी बैठक करून घ्यायची झाल्यास तिची उंची कशी मोजावी, तिचे पाय सरकू नयेत म्हणून काय बसवावे, आणि भिंतीवरचा आधाराचा दांडा शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला असावा की दुसऱ्या?