पिकअपचा टायर : आकार जुळला, वजन जुळलं नाही. तुमचे अनुभव सांगा

जुन्नर तालुका, टोमॅटोची वाहतूक

गेल्या मे महिन्यात माळशेज घाट उतरताना माझ्या पिकअपचा मागचा डावा टायर फुटला. रात्रीचे दीड. गाडीत 90 क्रेट. मागून आलेल्या ट्रकवाल्या भावानं थांबून स्टेपनी लावायला हात दिला, पण त्याआधी निम्मा माल रस्त्याकडेला उतरवावा लागला. टायर जेमतेम 11 महिन्यांचा होता, नक्षी शाबूत.

घरी आल्यावर तो फाटका टायर अंगणात आडवा टाकला आणि पहिल्यांदा नीट वाचला. 215/75 आर 15. आकार बरोबरच होता. त्याच्यापुढे 100 एस. एस ही वेगाची खूण. हा 100 म्हणजे किलो नव्हेत, तो टायर किती वजन पेलतो त्याच्या तक्त्यातला क्रमांक आहे. त्याचा अर्थ एका टायरला 800 किलो. याच आकाराचा मालवाहू एलटी (लाइट ट्रक) टायर 106 क्रमांकाचा मिळतो, तो 950 किलो पेलतो. मी दुकानात नुसता आकार सांगितला होता आणि जीपचा टायर स्वस्त पडतोय म्हणून तोच बसवून घेतला होता.

पुढच्या खेपेला 70 क्रेट भरले आणि काट्यावर गेलो. अख्खी गाडी नाही, फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. 1,880 किलो. म्हणजे एकेका टायरवर 940! मग 90 क्रेटला काय होत असेल? आता चारही टायर 106 चे आहेत. त्यातही 10 किलोचीच जागा उरते, म्हणून 70 च्या वर एक क्रेट घेत नाही. व्यापारी कुरकुरतो, कुरकुरू दे.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. गावात नवीन पोरं कर्ज काढून गाड्या घेताहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

सांगली, टायरचं दुकान

दादा, फार चांगला विषय काढलात. 22 वर्षं दुकानात बसतोय, गिऱ्हाईक आकार सांगतं, भाव विचारतं, संपलं. वजनाचं कोणी विचारत नाही, म्हणून आता मीच विचारतो : माल काय भरता, किती भरता?

एक गोष्ट जोडतो. ते 950 किलो 65 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवेला आहेत. हवा 45 असेल तर तोच टायर तेवढं वजन पेलत नाही. बाजू दबत राहते, दबून तापते आणि आतले थर सुटतात. फुटलेला टायर आला की मी आधी आत हात फिरवतो. रबराचा काळा चुरा हाताला लागला, की तो टायर दबून पळालेला आहे हे नक्की.

आणि घेताना तारीख बघा. टायरच्या बाजूवर लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. नवा म्हणून चार वर्षांपूर्वीचा टायर गळ्यात मारू देऊ नका.

कराड, दुधाची गाडी

गाडी बाबा चालवतात, हवा मी बघते. पहाटे चारला कॅन चढायच्या आधी, टायर गार असताना. मागच्या पावसाळ्यात उजव्या टायरात 65 च्या जागी 48 निघाली. नुसतं बघून अजिबात कळत नव्हतं. व्हॉल्व्हला थुंकी लावली तर बुडबुडा आला. 40 रुपयांचा व्हॉल्व्ह बदलला. त्या दिवशी तशीच गाडी गेली असती तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

वैजापूर, कांदा

समृद्धीवरून नागपूरला जातो. सिमेंटचा रस्ता, भर दुपार, गाडी तासन्‌तास एका वेगात. एकदा थांबून हवा मोजली तर 65 ची 74 झालेली. घाबरून सोडली. रात्री टायर गार झाल्यावर 57! आणि परतीचा माल भरायचा होता. तेव्हापासून तापलेल्या टायरची हवा कधीच सोडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कमी ठेवा असं सगळेच सांगतात. कृपा करून ऐकू नका.

टेक्सास

मूळचा साताऱ्याचा, इथे पिकअपला ट्रेलर लावून बागकामाची यंत्रं नेतो. इथेही तोच घोळ : गाडीसोबत येणारे टायर मऊ, प्रवासी गाडीच्या जातीचे. मी 10 प्लायचे (म्हणजे जास्त ताकदीचे), 80 पीएसआयपर्यंतचे एलटी घेतले. ट्रेलर आता डुलत नाही. मात्र रिकाम्या गाडीलाही 80 च ठेवली, तर वर्षभरात मधली नक्षी झिजली. आता दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर जेवढी लिहिली आहे तेवढी ठेवतो आणि ओझं असेल तेव्हा टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे वाढवतो.

जुन्नर तालुका, टोमॅटोची वाहतूक

सांगलीचे अण्णा, तुमचं वाचून आत्ता बॅटरी घेऊन अंगणात गेलो. टायर अजून तिथेच पडलाय. आत हात घातला तर मूठभर काळा चुरा निघाला. उन्हाळा म्हणून मी तेव्हा 30 च हवा ठेवत होतो.