'गेट बॅक'चे आठ तास

बीटल्सवरची डॉक्युमेंटरी मालिका 'गेट बॅक' फार लांबलीय, अशी तक्रार ऐकू येते. ती रास्त आहे, पण तेवढ्यासाठी सोडू नका. तीन भाग मिळून जवळपास आठ तास. एका बैठकीत संपवायला गेलात तर सुरुवातीच्या सरावाच्या, ट्विकनहॅमच्या स्टुडिओतच दम निघेल. पहिल्या भागात एक जागा आहे: लेनन अजून आलेला नाही, पॉल बास गिटार नुसती खरडत बसलाय, जॉर्ज चक्क जांभई देतोय, आणि बघता बघता शीर्षकगीताची चाल उभी राहते. तिथवर तरी बघाच. मूळ टेपवर बरंच बोलणं गिटारच्या आवाजाखाली दबलं होतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने मशीन लर्निंग वापरून ते सोडवलं. म्हणून हेडफोन लावा, सबटायटल्स चालू ठेवा. घाईच असेल तर थेट तिसरा भाग. ३० जानेवारी १९६९ची गच्चीवरची मैफल त्यात अख्खी आहे, शिवाय खाली लपवलेल्या कॅमेऱ्यात टिपलेले पोलीस!

निव्वळ संगीत हवं तर टॉकिंग हेड्स या बँडच्या मैफलीचा चित्रपट 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४). मोकळ्या रंगमंचावर बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा येतो, मग गाण्यागणिक वादक वाढत जातात. टेपरेकॉर्डरमधून येतोय असं भासवलेला ठेका प्रत्यक्षात ड्रम मशीनचा आहे. टीव्हीच्या स्पीकरवर मात्र बघू नका, बास पार गायब होतो.